समोरच्याला वकील नसतो तेव्हा

कॉर्पोरेट वकील म्हटला की नरिमन पॉइंट किंवा लोअर परळचा उंच मजला आठवतो. लांबलचक इंग्रजी करार, तासावर आकारली जाणारी फी, विलीनीकरणं आणि शेअर खरेदी. त्याच्या कामाचा बराच भाग शेवटी जमिनीपाशी येतो, आणि जमीन कुठल्या तरी गावात असते, ही गोष्ट त्या चित्रात बसत नाही. समजा, एका सौरऊर्जा कंपनीला जुन्नर तालुक्याच्या पूर्व पट्ट्यात, निमगाव सावाच्या शिवारात, पंधरा-वीस एकर जागा भाडेपट्ट्याने हवी आहे. मुंबईतला वकील तिथे पाऊल टाकत नाही. पण 7/12, 8-अ, तीस वर्षांचे फेरफार, दुय्यम निबंधकाकडची सूची क्रमांक 2 हे सगळं त्याच्या टेबलावर येतं. ‘इतर हक्क’ या रकान्यात विकास सोसायटीचा बोजा आहे का, कूळ लागलं होतं का, वारसनोंद कधी झाली, हे तपासून तो सर्च रिपोर्ट देतो. ‘टायटल क्लिअर अँड मार्केटेबल’ असं त्याने लिहिलं की बँक कंपनीला कर्ज देते.

या रिपोर्टमागे किती माणसं उभी असतात, हा कॉर्पोरेट वकिलाच्या नीतीचा खरा प्रश्न आहे असं मला वाटतं. कोर्टात खोटं बोलू नये, अशिलाचं गुपित फोडू नये, हे नियम सगळ्यांना माहीत आहेत. जो माणूस अशील नाही, कोर्टातला विरोधी पक्षही नाही, पण या कागदाने ज्याचं आयुष्य बदलतं, त्याचं वकील काही देणं लागतो का? आपल्या नियमांत याचं उत्तर शोधायला गेलं तर हाती फार थोडं लागतं.

अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्ट 1961 सालचा. त्यातल्या कलम 49 खाली बार कौन्सिल ऑफ इंडियाने नियम केले; सहाव्या भागाच्या दुसऱ्या प्रकरणात वकिलाच्या वागणुकीचे दंडक आहेत. न्यायालयाविषयीची कर्तव्यं, अशिलाविषयीची, विरुद्ध पक्षाविषयीची, सहकारी वकिलांविषयीची, अशी त्यांची मांडणी आहे. वाचताना पानोपानी कोर्टरूम दिसते: न्यायाधीश, काळा कोट, उलटतपासणी. करार लिहिणारा, कंपनीच्या संचालक मंडळाला सल्ला देणारा वकील नियमकर्त्यांच्या डोळ्यांपुढे फारसा नव्हता. कंपन्यांशी थेट संबंध येतो तो नियम 47 ते 49 मध्ये. वकिलाने स्वतः धंदा करू नये; संचालक किंवा अध्यक्ष होता येईल, पण कार्यकारी काम अंगावर घेता येणार नाही, आणि व्यवस्थापकीय संचालक किंवा कंपनी सेक्रेटरी तर होताच येणार नाही; पूर्ण वेळ पगारी नोकरी धरली तर वकिली थांबवावी लागेल.

मग कॉर्पोरेट वकील या नियमांच्या बाहेरच आहेत का? हा प्रश्न मुंबईतच सुटला. व्हाइट अँड केस, चॅडबोर्न अँड पार्क आणि अ‍ॅशर्स्ट या परदेशी फर्म रिझर्व्ह बँकेची परवानगी घेऊन इथे संपर्क कार्यालयं चालवत होत्या. आम्ही कोर्टात उभे राहत नाही, म्हणून अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्ट आम्हाला लागू नाही, असं त्यांचं म्हणणं. लॉयर्स कलेक्टिव्ह या संस्थेच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने 16 डिसेंबर 2009 रोजी निकाल दिला: कोर्टाबाहेरचं सल्ल्याचं आणि दस्तऐवज तयार करण्याचं कामसुद्धा वकिलीच आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये तेच धरलं. निकालाची चर्चा ‘परदेशी वकिलांना बंदी’ एवढ्यापुरतीच झाली. त्याचा दुसरा अर्थ कमी लोकांनी काढला: करार लिहिणं ही वकिली असेल, तर करार लिहिताना वकिलीचे दंडकही पाळायला हवेत.

‘विरुद्ध पक्षाविषयीची कर्तव्यं’ या मथळ्याखाली फक्त दोन नियम आहेत, 34 आणि 35. पहिला सांगतो की समोरच्या पक्षाला वकील असेल तर त्या वकिलाला वगळून त्या पक्षाशी परस्पर बोलणी करू नयेत. दुसरा सांगतो की समोरच्याला दिलेली रास्त वचनं पाळावीत. समोरच्याला वकीलच नसेल तर काय, यावर एक शब्द नाही. अमेरिकन बार असोसिएशनच्या आदर्श नियमांत यासाठी स्वतंत्र नियम आहे: वकील नसलेल्या माणसाशी व्यवहार करताना आपण तटस्थ असल्याचं भासवायचं नाही, आणि त्याचं हित आपल्या अशिलाच्या विरुद्ध जाण्याची शक्यता असेल तर ‘तुम्ही तुमचा वकील करा’ यापलीकडे त्याला सल्ला द्यायचा नाही. आपल्याकडे ज्याला वकील आहे त्याला संरक्षण, ज्याला नाही तो मोकळ्यावर. निमगाव सावाच्या शेतकऱ्याला कंपनीशी करार करताना वकील असतो का? तालुक्याच्या कोर्टात चांगले वकील आहेत, पण खटला नसताना वकिलाकडे जायची रीत नाही. मध्यस्थ एजंट असतो. तो म्हणतो, “साहेब, कंपनीच्या वकिलांनीच सगळं बघितलंय, काळजी नको.” इथेच सगळी मेख आहे. कंपनीचा वकील शेतकऱ्याला गावाच्या वकिलासारखा वाटतो, आणि तो गैरसमज कंपनीच्या सोयीचा असतो.

सौर भाडेपट्ट्यांचा काळ सध्या जोरात आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत जमिनीला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये आणि दरसाल 3 टक्के वाढ असा दर ठरलेला आहे. जिरायत माळाला हा पैसा वाईट नाही; पूर्वेकडच्या कोरड्या पट्ट्यात बाजरी-मठाच्या हिशोबात तो बराच बरा. पण दराइतक्याच महत्त्वाच्या अटी दराच्या मागे दडलेल्या असतात. अशा पट्ट्यांचा साचा साधारण सारखा असतो. मुदत पाव शतकाची. कंपनीला नोटीस देऊन बाहेर पडता येतं, जमीनमालकाला येत नाही. कंपनी पट्ट्याचा हक्क बँकेकडे गहाण ठेवू शकते आणि कंपनी बुडाली तर बँकेने आणलेला नवा भाडेकरू शेतकऱ्याने मान्य करायचा. वाद झाला तर लवाद, आणि लवादाचं ठिकाण मुंबई किंवा दिल्ली. यातली प्रत्येक अट एकेकटी पाहिली तर कायदेशीर आहे, बँकेच्या दृष्टीने आवश्यकही आहे. सगळ्या मिळून पाहिल्या तर वादाच्या दिवशी शेतकऱ्याने कुठेच जाऊ नये अशी व्यवस्था होते. दोन-चार लाखांच्या भाड्यासाठी दिल्लीला लवादात कोण जाणार?

लवाद कोणी नेमायचा, याचा प्रवास वकिलांच्या सवयी दाखवणारा आहे. कराराशी हितसंबंध असलेल्या माणसाने एकट्याने लवाद नेमू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये पर्किन्स ईस्टमन प्रकरणात सांगितलं. नोव्हेंबर 2024 मध्ये घटनापीठाने सरकारी कंपन्यांच्या करारांतली एकतर्फी नेमणूक समानतेच्या तत्त्वाविरुद्ध ठरवली. पण जुने साचे इतक्या लवकर मरत नाहीत. एकतर्फी नेमणुकीची अट टिकणार नाही हे माहीत असूनही ती ठेवून दिली, तर ते निव्वळ दुर्लक्ष की अनीती? माझं मत स्पष्ट आहे. न टिकणारी अट फक्त कोर्टात गेल्यावर पडते. जो कधीच कोर्टात जाणार नाही त्याच्या डोक्यावर ती कायम लटकत राहते, आणि हे ज्या वकिलाला कळतं त्याला माहीत नव्हतं असं म्हणता येत नाही.

आता त्या सर्च रिपोर्टकडे वळू, कारण टेबलाशी सर्वांत ठळकपणे गैरहजर असलेली व्यक्ती तिथे सापडते. वडिलोपार्जित जमीन असेल तर वकील वारसांची यादी मागतो. 2005 च्या दुरुस्तीनंतर मुलीही जन्माने सहहिस्सेदार; विनीता शर्मा प्रकरणात ऑगस्ट 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. म्हणून कंपनीचा वकील योग्य तोच शेरा मारतो: बहिणींची सही नसल्यास टायटल सदोष. शेरा एजंटकडे जातो, एजंट भावाकडे, आणि भाऊ बहिणीकडे. पंधरा दिवसांत हक्कसोडपत्र तयार. त्यात लिहिलेलं असतं: बिनमोबदला, स्वखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय. कायद्याने हक्क दिल्यानंतर बहिणीच्या हक्काला सर्वांत जास्त भाव कधी आला, तर कंपनी दारात उभी राहिली तेव्हा. आणि त्याच आठवड्यात तो फुकट सोडला गेला. बहिणीला कंपनी काय दर देते हे माहीत होतं का? वकिलाने हे विचारायचं नसतं. त्याला कागद हवा होता, तो मिळाला. माहेर तुटू नये म्हणून सही करणाऱ्या बाया आपल्या सगळ्यांच्या घरांत आहेत, त्यामुळे दोष एकट्या वकिलाच्या माथी मारणं सोपं असलं तरी खरं नाही. पण ही मागणी मुळात त्याच्या शेऱ्यातून निघाली, आणि त्याच शेऱ्यात ‘तिला मोबदला कळवल्याची आणि दिल्याची खात्री करावी’ असं एक वाक्य जास्त लिहायला त्याला कोणी अडवलेलं नव्हतं.

जुन्नर-आंबेगाव तालुक्यांच्याच पश्चिमेला गेलं तर चित्र बदलतं. तिथे महादेव कोळी आणि ठाकर वस्ती, अनुसूचित क्षेत्राची गावं. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 36-अ मुळे आदिवासीची जमीन बिगरआदिवासीला द्यायची तर जिल्हाधिकाऱ्याची आगाऊ मंजुरी लागते. म्हणजे टेबलाशी नसलेल्या माणसाच्या वतीने कायद्यानेच एक खुर्ची ठेवली आहे. तिच्यावर बसणारा अधिकारी कधी डुलकी घेतो, हा भाग वेगळा. पूर्वेच्या शेतकऱ्याला ही खुर्ची नाही आणि त्याला ती नकोही असेल. आपल्या जमिनीचं काय करायचं ते आपण ठरवू, हा त्याचा अभिमान रास्त आहे.

शेतजमीन शेतकऱ्यानेच विकत घ्यावी, हा 1948 च्या कूळकायद्याच्या कलम 63 चा दंडक. कमाल धारणेचा कायदा 1961 चा. या दोन भिंतींना वळसा कसा घालायचा, हा जमीनविषयक कॉर्पोरेट सल्ल्याचा जुनाच धंदा आहे. शेतकरी असलेल्या विश्वासातल्या माणसांच्या नावे खरेदी, पुढे कुलमुखत्यारपत्र, एका जमिनीसाठी पाच कंपन्या. यातलं काही सर्वोच्च न्यायालयाने 2011 च्या सूरज लॅम्प निकालात मोडीत काढलं, काही 2016 च्या बेनामी कायद्याच्या दुरुस्तीने धोक्याचं केलं. करार कायद्याच्या चौकटीत बसवणं आणि कायदा कराराच्या चौकटीत बसवणं या दोन वेगळ्या विद्या आहेत; बाजारात दुसरीला जास्त मागणी आहे.

खेड तालुक्यातल्या विशेष आर्थिक क्षेत्राने याच पुणे जिल्ह्यात आणखी एक धडा दिला. कनेरसर, दावडी, निमगाव या भागातल्या जमिनी एमआयडीसीमार्फत घेतल्या गेल्या. (हे निमगाव खंडोबाचं, आपल्या निमगाव सावाशी त्याची गल्लत नको.) मोबदल्यासोबत 15 टक्के विकसित जमीन परत देण्याचं ठरलं, आणि तिच्यासाठी शेतकऱ्यांनाच भागधारक करणारी खेड डेव्हलपर्स ही कंपनी उभी राहिली. कल्पना पुढारलेली होती. विस्थापिताला मालकीत वाटा, असं कौतुकही झालं. पण 7/12 वाचता येणारा माणूस कंपनीची नियमावली वाचू शकतोच असं नाही. जमीन दिसते, बांध मोजता येतो, तलाठ्याशी भांडता येतं. भाग-दाखल्याशी कसं भांडायचं? ‘15 टक्के परतावा’ हे शब्द पुढे वर्षानुवर्षं मोर्चांच्या फलकांवर राहिले. या कंपनीचे कागद करणाऱ्यांनी कायदा मोडला असं मी म्हणत नाही. शेतकऱ्याला भागधारक केलं तेव्हा त्याच्या बाजूने तेवढ्याच ताकदीचा वकील उभा करणंही त्या रचनेचाच भाग असायला हवं होतं, एवढंच म्हणतो.

अशील सरकारच असतं तेव्हा काय? महाराष्ट्राला याचं उत्तर दाभोळमध्ये मिळालं, आणि महागात पडलं. तिथल्या वीजप्रकल्पासाठी एन्रॉन या अमेरिकी कंपनीशी पहिला सामंजस्य करार जून 1992 मध्ये झाला, वीजखरेदी करार 8 डिसेंबर 1993 रोजी. वीज घ्या किंवा न घ्या, क्षमतेचे पैसे राज्य वीज मंडळाने मोजायचे. किमतीतला मोठा भाग डॉलरशी बांधलेला. मंडळ चुकलं तर राज्याची हमी, राज्य चुकलं तर केंद्राची प्रतिहमी. करार सुरुवातीला गुप्त होता. पुण्याच्या ‘प्रयास’ गटाने आकडेमोड करून 1995 मध्ये त्याची चिकित्सा मांडली, तेव्हा कुठे लोकांना त्यातलं गणित कळू लागलं. ऑगस्ट 1995 मध्ये युती सरकारने करार रद्द केला, मग लगेच नव्याने बोलणी केली. त्याविरुद्धची याचिका मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर 1996 मध्ये फेटाळली. 1999 मध्ये वीज सुरू झाली, 2001 मध्ये प्रकल्प बंद पडला, आणि माधव गोडबोले समितीने एकामागून एक आलेल्या सरकारांवर कडक ताशेरे ओढले.

या कहाणीत राजकारणी, अधिकारी, कंपनी यांच्यावर पुस्तकं लिहिली गेली. वकिलांवर जवळपास कोणीच लिहिलं नाही. पण गुप्ततेचं कलम कुणीतरी लिहिलं होतं. कंपनीच्या वकिलाने ते मागितलं, हे त्याचं कामच. राज्याच्या बाजूच्या वकिलाने सार्वजनिक पैशाच्या कराराला ते का मान्य केलं? सरकारचा वकील मंत्र्याचा नसतो, वीजबिल भरणाऱ्याचा असतो, असं मानलं तर त्या करारात कोट्यवधी अशिलांपासून त्यांचाच करार लपवला गेला. आज माहिती अधिकाराचा कायदा आहे, पण ‘व्यापारी गुपित’ हे त्यातलंच अपवादाचं दार. महामंडळांचे आणि खासगी भागीदारीचे करार मागायला गेलेल्याला ते दार नेमकं कुठे आहे हे लवकर कळतं.

एन्रॉनचा उत्तरार्ध ह्यूस्टनमध्ये घडला आणि त्याने जगभरच्या कॉर्पोरेट वकिलीला हादरा दिला. ऑगस्ट 2001 मध्ये शेरॉन वॉटकिन्स या अधिकारी बाईंनी हिशोबातल्या गडबडीची सूचना अध्यक्षांना दिली, आणि चौकशी कंपनीच्या नेहमीच्या लॉ फर्मला देऊ नका, तिचे हात यात आहेत, असंही सुचवलं. काम त्याच फर्मला, व्हिन्सन अँड एल्किन्सला, गेलं. ऑक्टोबरमध्ये तिने मोठ्या चौकशीची गरज नसल्याचं कळवलं. 2 डिसेंबरला कंपनी दिवाळखोरीत गेली. अमेरिकेने 2002 च्या सार्बेन्स-ऑक्सली कायद्यात कलम 307 घातलं. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीच्या वकिलाला घोटाळ्याचा पुरावा दिसला तर त्याने तो आधी मुख्य विधी अधिकाऱ्याकडे, दाद लागली नाही तर संचालक मंडळाकडे न्यायलाच हवा. बाहेर सरकारला सांगणं मात्र सक्तीचं नाही, फक्त मुभा आहे. वकिलांच्या संघटनांनी तेवढंही मोठ्या कुरकुरीने गिळलं.

भारतात एवढंही नाही. कंपनी कायदा 2013 चं कलम 143(12) ऑडिटरवर घोटाळा कळवण्याचं बंधन घालतं. कॉस्ट अकाउंटंट आणि प्रॅक्टिसमधला कंपनी सेक्रेटरीही त्यात येतो. मे 2023 मध्ये मनी लाँडरिंगच्या कायद्याखाली सीए, सीएस, कॉस्ट अकाउंटंट यांना अशिलासाठी केलेल्या ठराविक व्यवहारांची माहिती ठेवायची, कळवायची जबाबदारी दिली गेली. वकील दोन्ही याद्यांच्या बाहेर. याला सबळ कारण आहे: अशिलाने वकिलाशी मोकळेपणाने बोलावं म्हणूनच गोपनीयता असते, आणि ती गेली तर गरिबाच्या फौजदारी बचावाचीही गेली. पण फौजदारी आरोपीसाठी बांधलेली ही तटबंदी कंपनीच्या शेअर रचनेलाही तेवढीच उंच हवी का, हा प्रश्न विचारायला हरकत नाही.

2025 मध्ये गोपनीयतेचा हा प्रश्न वेगळ्या वाटेने समोर आला. ईडीने दोन ज्येष्ठ वकिलांना, त्यांच्यातल्या एकाने कंपनीच्या शेअर-योजनेवर दिलेल्या सल्ल्याच्या प्रकरणात, समन्स पाठवली. बारमध्ये संताप झाला, समन्स मागे घेतली गेली. सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून विषय हाती घेतला आणि 31 ऑक्टोबर 2025 रोजी, तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या पीठाने, वकिलाला अशिलाविषयी असं बोलावण्यावर कडक मर्यादा घातल्या. त्याच निकालात असंही म्हटलं की कंपनीच्या पगारावरच्या वकिलाला हे संरक्षण नाही, कारण तो प्रॅक्टिस करणारा, स्वतंत्र वकील नव्हे. नियम 49 चा हा तर्कशुद्ध शेवट आहे, पण परिणाम विचित्र होतो. कंपनीच्या आत बसून चूक सर्वांत आधी पाहणारा माणूस बार कौन्सिलच्या शिस्तीतही नाही आणि तिच्या संरक्षणातही नाही. त्याने साहेबांना ‘हे करू नका’ असं लिहून कळवलं तर तेच पत्र उद्या कंपनीविरुद्ध पुरावा होईल. म्हणून तो लिहीत नाही, फोन करतो.

चुकीच्या सल्ल्याला शिक्षा काय? पुण्याच्या दोन वकिलांविरुद्ध त्यांच्याच बारमधल्या बारा जणांनी केलेली तक्रार सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली, आणि 1983 मध्ये न्यायालयाने चुकीचा सल्ला आणि अनुचित सल्ला यांत मोठा फरक केला: पहिल्यात नैतिक दोष नसेल तर गैरवर्तन नाही. 2012 मध्ये नारायण राव प्रकरणात तोच धागा पुढे गेला. हैदराबादेत बँकेच्या पॅनेलवरच्या वकिलाने दिलेल्या टायटल-मतावर बोगस कर्जं दिली गेली होती. कटात सहभाग दाखवता येत नसेल तर निव्वळ निष्काळजीपणाबद्दल फौजदारी नाही, असं न्यायालय म्हणालं. मे 2024 मध्ये वकिलाची सेवा ग्राहक संरक्षण कायद्यातूनही बाहेर काढली गेली. तिन्ही निकाल आपापल्या जागी समजण्यासारखे आहेत. एकत्र वाचले तर पैसे मोजणाऱ्या अशिलालाही फार कमी दारं उरतात. ज्याने पैसे मोजलेच नाहीत पण जमीन दिली, त्याला दार नाहीच. शिस्तभंगाची तक्रार तो करू शकतो, अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टच्या कलम 35 मध्ये तक्रारदार अशीलच हवा असं नाही. पण कुठल्या नियमाच्या भंगाची करणार? नियम 4 वकिलाला अशिलाच्या लबाड मार्गांना आवर घालायला सांगतो, तेही न्यायालयविषयक कर्तव्यांच्या मथळ्याखाली. कराराच्या टेबलापर्यंत तो ताणायला धाडसी शिस्तपालन समिती लागेल. अशक्य मात्र नाही. महाराष्ट्र बार कौन्सिलच्याच एका प्रकरणात सात न्यायाधीशांच्या पीठाने 1975 मध्ये बार कौन्सिलला ‘बाधित व्यक्ती’ मानलं होतं, कारण व्यवसायाची पातळी राखण्यात समाजाचं हित असतं आणि ते कौन्सिलने जपायचं असतं. पन्नास वर्षं हे हत्यार म्यानात आहे.

अशील नाकारावा का, यावर आपल्याकडची चर्चा फली नरिमनांपाशी थांबते, आणि ते योग्यही आहे. मुंबईच्या बारमध्ये घडलेल्या या वकिलाने भोपाळ वायुगळती प्रकरणात युनियन कार्बाइडची बाजू मांडली. फेब्रुवारी 1989 मध्ये 47 कोटी डॉलरची तडजोड झाली. पुढे आत्मचरित्रात आणि मुलाखतींत त्यांनी कबूल केलं की आपण ते एक प्रकरण समजून घेतलं, ती शोकांतिका होती हे उशिरा उमगलं. त्याच नरिमनांनी गुजरातमध्ये ख्रिश्चनांवर हल्ले झाल्यावर नर्मदा खटल्यातलं गुजरात सरकारचं काम सोडून दिलं होतं. ‘वकिलाने येईल तो खटला घ्यावा’ हा नियम 11 त्यांच्या बाजूने सांगितला जातो. पण तो नियम न्यायालयांत आणि न्यायाधिकरणांपुढे उभं राहण्यासाठी आहे. करार लिहून देण्याची सक्ती तो कोणावर करत नाही. आरोपीला वकील मिळालाच पाहिजे. कंपनीला गुप्ततेचं कलम मिळालंच पाहिजे असं नाही. कॉर्पोरेट वकील नियम 11 च्या आडोशाला उभा राहतो तेव्हा तो दुसऱ्याचा कोट घालून आलेला असतो.

कायद्याने हक्क असला तरी तो वापरावा की नाही, हा सल्ला वकीलच देऊ शकतो, याचं उदाहरण आंबेगावच्या सातगाव पठारावरच्या शेतकऱ्यांना लगेच पटेल. पेठ, कुरवंडी या भागात वेफर्सच्या कंपन्यांशी करार करून बटाटा लावण्याची रीत आहे. एप्रिल 2019 मध्ये पेप्सिकोने गुजरातमध्ये आपल्या नोंदणीकृत एफसी-5 वाणाचा बटाटा परवानगीविना लावल्याचा दावा शेतकऱ्यांवर केला, आणि त्यातल्या चौघांकडून प्रत्येकी 1 कोटी 5 लाख रुपये मागितले. वाण संरक्षण कायदा 2001 चं कलम 39 शेतकऱ्याला बियाणं राखायला, पेरायला, विकायलाही मुभा देतं, ब्रँडच्या नावाने विकलं नाही म्हणजे झालं. देशभर गदारोळ झाला, मे महिन्यात दावे मागे घेतले गेले. पुढे वाणाच्या नोंदणीवरच लढाई झाली. अर्जात पहिल्या विक्रीची तारीख आणि वाणाचा प्रकार चुकीचा दिला, म्हणून डिसेंबर 2021 मध्ये नोंदणी रद्द झाली. जानेवारी 2024 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने ती परत दिली. म्हणजे कायद्याच्या बाजूने कंपनी अगदीच उघडी नव्हती. तरीही चार एकरवाल्या शेतकऱ्यावर कोटीचा आकडा लिहिताना कोणाचा तरी हात थांबायला हवा होता. नोटीस जिंकण्यासाठी पाठवली जाते की घाबरवण्यासाठी, हे ती लिहिणाऱ्याला ठाऊक असतं.

सामाजिक जबाबदारीचा अधिकृत चेहरा, म्हणजे सीएसआर, यात फार कामाचा नाही. कंपनी कायद्याच्या कलम 135 खाली 500 कोटींची निव्वळ मत्ता, 1000 कोटींची उलाढाल किंवा 5 कोटींचा नफा असलेल्या कंपनीने तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या 2 टक्के खर्च करायचा. लॉ फर्म भागीदारी किंवा एलएलपी असतात, त्यांना हे कलम लागू नाही. दुसऱ्याचं सीएसआर धोरण मात्र त्यांच्याच टेबलावर लिहिलं जातं. शाळेला संगणक देऊन कराराची अट सौम्य होत नाही. जास्त नेमकं आहे ते बार कौन्सिलच्या नियम 46 मध्ये: गरजवंताला मोफत मदत हे वकिलाच्या समाजाविषयीच्या सर्वोच्च कर्तव्यांपैकी एक. केंद्राने 2017 पासून ‘न्याय बंधू’ योजनेत मोफत काम करणाऱ्या वकिलांची नोंदणी सुरू केली, काही मोठ्या फर्म आपल्या तरुणांना त्यात पाठवतातही. पण ही मदत खटल्याच्या भोवतीच फिरते. करार झाल्यावर, बिनसल्यावर.

कराराच्या आधी मदत द्यायला नवा कायदाही नको. विधी सेवा प्राधिकरण कायदा 1987 च्या कलम 12 प्रमाणे कोणतीही स्त्री, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकिलाला पात्र आहे. अनुसूचित जाती-जमातीची व्यक्तीही. तालुका विधी सेवा समिती तालुक्याच्या कोर्टातच असते, जुन्नरला आहे तशी आंबेगाव तालुक्यासाठी घोडेगावला. म्हणजे हक्कसोडपत्रावर सही करायला आलेल्या त्या बहिणीला, सही करण्याआधी अर्धा तास समजावून सांगणारा वकील आजच्या कायद्यात फुकट मिळू शकतो. कंपनीच्या वकिलाने सर्च रिपोर्टमध्ये बहिणींच्या सहीची अट घालताना ‘तालुका विधी सेवा समितीच्या वकिलासमोर’ एवढे शब्द जोडले, तर टायटल उलट जास्त मजबूत होईल. दबावाचा आरोप करून दस्त मोडायला पुढे कोणी आलं तर कंपनीच्या हाती पुरावा राहील. बँकेला ते आवडेल. भावाला आवडणार नाही, एजंटला तर नाहीच, आणि व्यवहार दोन-तीन आठवडे लांबेल. तासावर फी घेणाऱ्या वकिलाला उशिराची तक्रार करायला फारशी जागा नाही.